हृदयातली जाळी आणि गावातला ताप

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या महाड-पोलादपूरकडे ‘स्टेंट’ या शब्दाचा उच्चार अजून ठरायचा आहे. कोणी ‘स्टेन’ म्हणतं, कोणी ‘स्प्रिंग’ म्हणतं, कोणी ‘जाळी’. एस.टी. स्टँडवर दोन म्हातारे भेटले की पूर्वी विचारपूस व्हायची ती भाताची आणि गुरांची. आता एक विचारतो, ‘तुला किती बसवल्या?’ दुसरा दोन बोटं वर करतो. ‘मला तीन,’ असं पहिला जरा रुबाबातच सांगतो. आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरांत तर कुवेतला, सौदीला नोकरीला गेलेला माणूस सामानाबरोबर छातीत एक जाळी आणि हातात अरबी-इंग्रजी कागदांची फाइल घेऊन परत येतो. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. वैद्यकातला जाणकार मी नव्हे. पण एखादा शब्द आपल्या गावात राहायला आला, की तो कुठून आला आणि सोबत काय घेऊन आला हे शोधायची मला खोड आहे. त्या शोधात जे हाती आलं ते आज सांगणार आहे.

मुळात ‘स्टेंट’ हे एका माणसाचं आडनाव. चार्ल्स स्टेंट हा एकोणिसाव्या शतकातला लंडनचा दंतवैद्य. कवळी बसवण्यासाठी दातांचा आणि हिरडीचा साचा घ्यावा लागतो. त्यासाठीचा मसाला त्याने १८५६ च्या सुमारास सुधारला. पुढे पहिल्या महायुद्धात एस्सर नावाच्या डच शल्यविशारदाने सैनिकांच्या फाटक्या चेहऱ्यांवर कातडी बसवताना तिला आधार म्हणून हाच मसाला वापरला. तेव्हापासून, शरीरात एखादा भाग धरून ठेवणारी वस्तू ती स्टेंट, असा अर्थ रूढ झाला असं बहुतेक अभ्यासक मानतात. दातांच्या साच्यापासून निघालेला शब्द हृदयापर्यंत जाऊन पोचला.

हृदयापर्यंत जायची वाट मात्र आधी दुसऱ्याच एका माणसाने काढली. जर्मनीतल्या एबर्सवाल्डे या लहान गावच्या रुग्णालयात १९२९ साली वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेत एक बारीक नळी घातली आणि ती सरकवत हृदयापर्यंत नेली. मग तशाच अवस्थेत जिना उतरून तो एक्स-रे काढायला गेला. वरिष्ठांनी त्याची कानउघाडणी केली. सत्तावीस वर्षांनी, १९५६ मध्ये, त्याच कामासाठी त्याला आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. त्यानंतर झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग याने घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बारीक नळीच्या टोकाला फुगे चिकटवून पाहिले. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्याने एका अडतीस वर्षांच्या, जाग्या असलेल्या रुग्णाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत असा फुगा फुगवून अडथळा बाजूला सारला. तीच हृदयाच्या रक्तवाहिनीची पहिली अँजिओप्लास्टी.

पण फुगा काढून घेतला की वाहिनी पुन्हा आवळायची. गटार उपसावं आणि बाजूची माती पुन्हा ढासळावी, तसं. म्हणून धातूची बारीक जाळी बसवून ती आतच ठेवून द्यायची कल्पना निघाली. मार्च १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझ इथे जाक प्युएल यांनी आणि त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधल्या लोझानला उलरिक सिग्वार्ट यांनी माणसाच्या हृदयवाहिनीत अशा जाळ्या बसवल्या.

जाळीच्या आतही पेशी वाढून वाट पुन्हा बुजते, असं पुढे लक्षात आलं. त्यावर औषध लावलेली जाळी आली. त्या औषधाची गोष्ट तर कथेसारखी आहे. पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावरून १९६४ साली कॅनडाच्या एका मोहिमेने मातीचे नमुने नेले. त्या मातीतल्या जंतूपासून माँट्रियलच्या प्रयोगशाळेत एक औषध वेगळं काढण्यात आलं. सुरेंद्रनाथ सेहगल हे आपल्याकडून तिकडे गेलेले शास्त्रज्ञ त्या कामाच्या मध्यभागी होते. कंपनीने काम बंद केलं तेव्हा त्यांनी औषधाचा थोडा साठा घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. पुढे हे औषध मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना दिलं जाऊ लागलं, कारण ते शरीराची प्रतिकारशक्ती मंद करतं. तेच औषध जाळीवर लावून १९९९ च्या अखेरीस ब्राझीलमध्ये माणसाला पहिल्यांदा बसवलं गेलं. प्रतिकारशक्ती मंद करणारं औषध, ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवा. पुढे तिचं काम पडणार आहे.

आता हे सगळं सावित्रीच्या काठी कसं पोचलं? एके काळी ही श्रीमंतांची चैन होती. औषधी स्टेंटची किंमत लाखाच्या घरात, कधी त्याच्याही पुढे. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवर छातीत कळ आली तर लोक ‘वायू झाला’ म्हणत, ओवा-हिंग देत, आणि माणूस सकाळी उठत नसे. नव्वदच्या दशकात हैदराबादला हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू आणि डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी मिळून स्वस्त देशी स्टेंट तयार केला. पुढे २ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यात आठच जिल्हे होते, त्यांत आपला रायगड होता. तीच योजना नंतर महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पिवळं, केशरी रेशनकार्ड असलेल्या माणसालाही अँजिओप्लास्टी मिळू लागली. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने किमतीला लगाम घातला. साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधी स्टेंटला २९,६०० रुपये, अशी त्या वेळी मर्यादा ठरली. एवढा मोठा बदल आमच्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिला. माझ्या आजोबांच्या वयाची माणसं ज्या दुखण्याने बसल्या जागी गेली, त्याच दुखण्यातून उठून माझ्या वयाची माणसं आता पावसाआधी छपराची कौलं चाळायला चढतात.

पण या गोष्टीत एक गोम आहे. जाळी बसते मुंबईत, पनवेलला, पुण्याला. दोन-तीन दिवसांत सुट्टी मिळते. मग रुग्ण मुंबई-गोवा रस्त्याने दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर मागे येतो, महाडला उतरतो, पोलादपूरला उतरतो आणि तिथून जीप किंवा रिक्षाने वाडीवर जातो. शहरातले तीन दिवस कागदावर तास-मिनिटांनी लिहिलेले असतात. गावातले पुढचे तीस दिवस कुठेच लिहिलेले नसतात. आणि मी ज्या संकटाविषयी आज बोलतो आहे, ते बहुधा याच तीस दिवसांत येतं.

ते संकट म्हणजे जाळीला झालेला जंतुसंसर्ग.

आधीच सांगतो, हे फार विरळा आहे. जगभर लाखो लोकांना दरवर्षी स्टेंट बसतात. खुद्द स्टेंटलाच जंतू लागल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत एकेक करून छापावीत इतकी थोडी आहेत. पहिली ठळक नोंद १९९३ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी केली. जाळी बसवलेल्या ठिकाणी गळू झालं आणि रुग्ण दगावला. म्हणजे पहिल्या जाळीनंतर सातच वर्षांनी तिची ही काळी बाजू छापून आली. तेव्हापासून नोंदले गेलेले रुग्ण पाहिले, तर त्यांतला साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक वाचू शकला नाही. दुखणं विरळा, पण आलं तर जिवावरचं. विंचवासारखंच म्हणा. दर दगडाखाली तो नसतो, म्हणून कोणी बघितल्याशिवाय हात घालत नाही.

हे होतं कसं? सगळ्यात जास्त वेळा दोषी ठरलेला जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो काही परदेशातून येत नाही. आपल्या नाकात, कातडीवर, नखांच्या कडेला तो एरवी गुपचूप राहतो. त्याच्या खालोखाल स्युडोमोनास हा ओलसर जागी वाढणारा जंतू. मांडीतून किंवा मनगटातून नळी घालताना, ती जागा नीट निर्जंतुक नसेल, नळी गरजेपेक्षा जास्त वेळ तशीच राहिली असेल, त्याच भोकातून पुन्हा पुन्हा काम केलं असेल, तर जंतूला रक्तात शिरायला वाट मिळते. कधी हातातल्या सलाईनच्या सुईची जागा सुजते आणि तिथून तो आत जातो. काही वेळा महिन्यांनंतर, शरीरातल्या दुसऱ्याच गळवातून तो रक्तात उतरतो आणि जाळीवर जाऊन बसतो.

बसतो म्हणजे काय, ते आपल्या सावित्रीच्या पात्रातल्या दगडांवरून समजेल. दगड नवा असताना हाताने पुसला की स्वच्छ होतो. एकदा त्यावर शेवाळाचा थर धरला की नुसत्या पाण्याने तो निघत नाही. जंतूही धातूवर असाच एक चिकट थर करतात आणि त्याच्या आड बसतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्रतिजैविकं त्या थराच्या आत नीट पोचत नाहीत. एरवी जाळीवर काही आठवड्यांत आपल्याच शरीराचं पातळ अस्तर चढतं आणि ती झाकली जाते. औषधी जाळीवर हे अस्तर जरा उशिरा चढतं. मघाशी ध्यानात ठेवा म्हटलं ते इथे. वाट बुजू नये म्हणून जे औषध लावलं, तेच त्या जागेची राखणही थोडी सैल करत असावं, अशी शंका काही तज्ज्ञांनी बोलून दाखवली आहे. ती अजून पुरती सिद्ध झालेली नाही.

मग वाहिनीची भिंत कुजत जाते, तिला फुगवटा येतो, शेजारी गळू होतं, कधी हृदयाभोवतीच्या पिशवीत पू साठतो. बाहेरून दिसतं ते एवढंच. ताप, थंडी, कधी छातीत दुखणं.

ताप! आणि आमच्या भागात ताप म्हणजे काय? जून ते ऑक्टोबर कोणाला ताप नसतो? मलेरिया आहे, डेंग्यू आहे, चिखलात उभं राहून भात लावणाऱ्यांचा लेप्टो आहे. एवढ्या तापांच्या गर्दीत हा एक ताप सहज हरवतो. रुग्ण जवळच्या दवाखान्यात जातो, एक सुई आणि तीन दिवसांच्या गोळ्या घेतो. ताप उतरतो, चौथ्या दिवशी परत चढतो. पुन्हा सुई. अर्धवट प्रतिजैविकाने जंतू मरत नाही, फक्त लपतो. नंतर मोठ्या रुग्णालयात रक्त तपासलं तरी तो सापडत नाही.

एका साध्या चुकीने केवढा अनर्थ होतो, याची एक गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी इथेच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळला त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली, आज तिलाच आपण हाफकिन संस्था म्हणतो. त्यांची लस घेऊन लाखो माणसं वाचली. पण ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी एका बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना कामावरून दूर केलं गेलं. पुढे उघड झालं, की बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. लस चांगली होती, शास्त्रज्ञ प्रामाणिक होता, हेतू शुद्ध होता. चिमटा तेवढा शुद्ध नव्हता.

‘शुद्ध’ या शब्दाविषयी महाडच्या माणसाने जरा जपूनच बोलावं. आमच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो दलित बांधव ओंजळभर पाणी प्यायले. त्यावर तळं बाटलं म्हणून काही मंडळींनी १०८ घागरी पाण्यात पंचगव्य मिसळून, मंत्र म्हणून, ते तळ्यात ओतलं आणि पाणी ‘शुद्ध’ झाल्याचं जाहीर केलं. पाण्यावरच्या हक्काचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात लागला, तो अस्पृश्यांच्या बाजूने. या इतिहासाकडे मी आजच्या विषयाच्या अंगाने पाहतो, तेव्हा मला एवढंच दिसतं, की माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही, न धुतलेल्या हाताने मात्र जखम बाटते. तो हात कोणाचा, कुठल्या जातीचा, किती शिकलेला, हे जंतू विचारत नाही. व्हिएन्नात १८४७ साली सेमेलवाइस डॉक्टरांना हात धुवा म्हणून सांगत होता, तेव्हा त्यांनाही ते कमीपणाचं वाटलं होतं. खरी शुद्धी ही अशी बिनगाजावाजाची गोष्ट आहे. हात धुणे, जागा पुसणे, एकदाच वापरायची वस्तू एकदाच वापरणे.

आता मी आमच्या भागाच्या एका अभिमानाच्या गोष्टीकडे वळतो. ती स्टेंटची नाही. पण हृदयाची आहे, आणि आजच्या विषयाला तिच्यातूनच वाट सापडते.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, नागपूरला शिकलेले. त्या काळी आमच्याकडे लाल विंचू चावला की माणसं मरत. गंभीर लक्षणं दिसलेल्या रुग्णांतले शंभरातले तीस-चाळीस जात, असं तेव्हाचं चित्र होतं. कौलांतून, जळणाच्या लाकडांतून, पेंढ्याच्या उडवीतून विंचू निघायचा. लोक आधी मांत्रिकाकडे जायचे, मग दवाखान्यात. पुस्तकांत या विंचवाविषयी फारसं काही नव्हतं. बावस्करांनी पुस्तक बाजूला ठेवून रुग्णाकडे पाहिलं. ओकारी होते का, घाम किती येतो, हातपाय गार कधी पडतात, नाडी काय म्हणते, रक्तदाब कधी चढतो, कधी कोसळतो, तोंडाला फेस कधी येतो, हे सगळं त्यांनी तासातासाने लिहून ठेवलं. त्यातून दिसलं, की विंचवाचं विष शेवटी हृदयावर घाव घालतं. हृदय थकतं, फुफ्फुसात पाणी भरतं आणि माणूस जणू कोरड्या जमिनीवर बुडून मरतो. ती निरीक्षणं १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

पुढे पुण्याला एम.डी. करून ते पुन्हा आमच्याकडे, पोलादपूरला सरकारी सेवेत आले. रक्तवाहिन्या सैल करणारं औषध सलाईनमधून थेंब थेंब द्यायचं आणि रात्रभर रुग्णाच्या खाटेशेजारी बसून रक्तदाब मोजत राहायचा, असं त्यांनी सुरू केलं. मग प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी या विषावर नेमकी चालते, हे त्यांनी दाखवलं. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह १९८६ साली तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. तीस-चाळीस टक्क्यांवरचे मृत्यू एक-दोन टक्क्यांवर आले. पुढे विंचूविषावरची लसही आली. २०११ साली महाडच्या ७० रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. लस आणि प्राझोसिन दोन्ही दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसतं प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांत हा आकडा ८ होता. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट मी का सांगितली? बिरवाडी आणि पोलादपूरला तेव्हा कोणती मोठी यंत्रं होती? घड्याळ होतं, रक्तदाबाचं यंत्र होतं, वही होती आणि जागं राहायची तयारी होती. तेवढ्यावर एका आडबाजूच्या तालुक्याने जगाला हृदयाविषयी नवी गोष्ट शिकवली. जाळीनंतरच्या तापालाही पहिल्यांदा भिडणार आहे तो शहरातला हृदयतज्ज्ञ नव्हे. वाडीजवळचा डॉक्टर, आरोग्य केंद्रातली परिचारिका आणि घरातलं माणूस, या तिघांनाच तो पहिल्यांदा दिसणार. आणि त्यांच्या हाती असलेलं पहिलं साधन म्हणजे एक प्रश्न.

तो प्रश्न मी स्वतः ऐकला आहे. पोलादपूर तालुक्यातल्या माझ्या एका मामूंना काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका रुग्णालयात जाळी बसवली होती. घरी आल्यावर नवव्या दिवशी त्यांना थंडी वाजून ताप आला. दिवस पावसाचे, घरात सगळे मलेरिया म्हणून मोकळे झाले. मी त्यांना जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. सुई भरण्याआधी त्यांनी विचारलं, ‘मामू, गेल्या महिन्याभरात अंगात कुठे सुई, नळी काही घातली होती का?’ मामूंनी सदऱ्याची बाही वर केली. मनगटावरची नळीची जागा स्वच्छ होती. पण दुसऱ्या हातावर सलाईनची सुई होती तिथे लाल, दोरीसारखी सूज होती. डॉक्टरांनी प्रतिजैविक हातात घेतलं नाही. मलेरियासाठी रक्त घेतलंच, शिवाय दोन वेगळ्या जागांवरून कल्चरसाठी रक्त घेऊन पाठवलं, आणि जाळी बसवणाऱ्या डॉक्टरांना स्वतः फोन लावला. जंतू निघाला. त्यावर नेमकं औषध शिरेतून चालू झालं. हृदयाची सोनोग्राफी झाली, जाळीपर्यंत काही पोचलेलं नव्हतं. मामू बरे झाले. त्या डॉक्टरांनी काही मोठं केलं असं त्यांना स्वतःला वाटलं नाही. मला मात्र त्या एका प्रश्नात बिरवाडीची ती वही दिसली.

या सगळ्या इतिहासातून आपल्यासारख्यांनी गाठीला काय बांधावं, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, भिऊन जाळी नाकारू नये. झटका आलेल्या माणसाला ती जीव देते, आणि संसर्ग हा हजारोंमधल्या एखाद्यालाही क्वचितच होतो. दुसरी गोष्ट, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या ताप आला म्हणून मनाने बंद करू नयेत. जाळीत गुठळी होऊन जीव जाण्याचा धोका संसर्गाच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. तिसरी गोष्ट, ‘जंतू लागू नये म्हणून’ आपल्या मनाने प्रतिजैविकं खाऊ नयेत. जाळी आहे म्हणून दात काढण्याआधीही ती सरसकट लागत नाहीत. चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, जाळी बसवल्यानंतरच्या काही आठवड्यांत ताप किंवा थंडी आली, नळीची वा सलाईनची जागा लाल झाली, दुखली, तिथून पू आला, तर दवाखान्यात पाय ठेवताच पहिलं वाक्य हे बोलावं, ‘मला अमुक तारखेला जाळी बसवली आहे.’ आणि डॉक्टरांना विचारावं, औषध सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर घ्यायला हवं का? प्रकृती फारच बिघडलेली असेल तर डॉक्टर वाट न बघता औषध देतील, तो त्यांचा निर्णय. पण प्रश्न आपण विचारावा.

आणि ते कार्ड! स्टेंटचं कार्ड मिळतं, त्यावर तारीख, जागा, जाळीची जात, सगळं लिहिलेलं असतं. आमच्याकडे ते कपाटातल्या फाइलमध्ये जातं. जुलै २०२१ च्या पुराने महाडची घरं, दुकानं, दवाखाने बुडवले, तेव्हा किती फाइलींचा चिखल झाला असेल याची गणती नाही. कार्ड प्लॅस्टिकमध्ये घालून रेशनकार्डाशेजारी ठेवावं, त्याचा फोटो मुलाच्या नाहीतर सुनेच्या मोबाइलमध्ये असावा.

डॉक्टर मंडळींनाही एक विनंती. जाळी बसवणाऱ्या रुग्णालयाने सुट्टीच्या कागदावर मराठीत दोन ओळी लिहाव्यात, ‘ताप आल्यास या नंबरवर कळवा, मनाने औषध घेऊ नका.’ आणि गावातल्या दवाखान्याने असा प्रत्येक ताप एका वहीत लिहावा. मग तो शेवटी मलेरियाच निघो. आज मुंबईत बसलेली जाळी कागदावर येते, पण तिच्यामागून वाडीवर आलेला ताप सहसा कुठल्याच वहीत जात नाही. तो वहीत गेला नाही तर दुखणं खरंच विरळा आहे, की आपणच पाहिलं नाही, हे कोणाला सांगता येणार?

१९७६ पूर्वीही आमच्याकडे विंचू चावतच होते आणि माणसं मरतच होती. ते मरण नशिबाच्या खात्यावर लिहिलं जायचं. एका माणसाने ते वहीत लिहायला सुरुवात केली, आणि नशिबाचं खातं हळूहळू रिकामं होत गेलं. जाळीनंतरच्या तापाचं पान अजून कोरं आहे. ते लिहायला फार मोठं रुग्णालय लागत नाही. एक वही, एक पेन, आणि सुई भरण्याआधी विचारलेला एक प्रश्न, एवढं पुरतं.